84 खनिजं आणि चिमूटभर मीठ

उन्हाळी कामं निघाली, पापड-कुरडयांची लगबग सुरू झाली, की लातूर-बीड-परभणीकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द बदलतात, सार तेच. पुडीतलं आयोडीनवालं मीठ म्हणजे कारखान्यात केमिकल घालून केलेलं विष. कंपन्यांनी सरकारला हाताशी धरून आपलं खडे मीठ बंद पाडलं. खड्या मिठात आणि सैंधवात 84 खनिजं असतात, आयोडीन तर निसर्गतःच असतं. ते खाल्लं की थायरॉईड होत नाही, बीपी वाढत नाही. खात्री करायची तर कापलेल्या बटाट्यावर पुडीतलं मीठ टाका, लिंबू पिळा. निळं पडलं की समजा, हेच ते विष. शेवटी ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

पाठवणारी मावशी असते, नाहीतर निवृत्त गुरुजी. हेतू वाईट नसतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलू.

‘खडे मीठ समुद्राचं, पुडीतलं कारखान्याचं’

दोन्ही बहुतेक वेळा एकाच उन्हात तयार होतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातलं तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड; बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार. पेण-उरणच्या मिठागरांत भरतीचं पाणी आत घेतात आणि एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत आटवतात. सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी चुनखडी, मग जिप्सम (कॅल्शियमचाच दुसरा क्षार). पाणी मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं की मिठाचे खडे धरू लागतात. सर्वांत शेवटी उरतं ते जड, कडू पाणी. मॅग्नेशियमचा बहुतेक भाग त्यातच असतो. हे पाणी वेळेत काढून टाकणं हीच मिठागरातली खरी कारागिरी, कारण ते राहिलं तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरत बसतं. थोडक्यात, ज्या ‘खनिजां’चे मेसेजमध्ये गोडवे गायलेत त्यातली बरीचशी मीठ पिकवणारा माणूस स्वतःच ओतून देतो.

देशातलं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातमधून येतं. कच्छच्या छोट्या रणात तर समुद्राचं पाणीही थेट घेत नाहीत. अगरिया लोक जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवतात. असंच मीठ पुढे धुऊन, दळून किंवा पुन्हा विरघळवून निर्वात भांड्यात आटवून, वाळवून, त्यावर पोटॅशियम आयोडेट फवारून पुडीत भरलं जातं. कारखान्यात धुणं-वाळवणं होतं, हे खरं. मीठ तिथे ‘बनत’ नाही.

आणि ‘आपलं’ खडे मीठ म्हणजे कोणतं? मराठवाड्याला समुद्रच नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या ताटातलं मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून आलं, पुढे रेल्वेच्या वाघिणींतून, आता ट्रकमधून. ‘नैसर्गिक म्हणजे खाण्याजोगं’ असं कुणी म्हणालंच, तर जालना-परभणीकडच्यांना लोणार लांब नाही. त्या सरोवरातला क्षारही शंभर टक्के नैसर्गिकच. तो मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आहे, साबणाच्या कामाचा. भाजीत घालून बघा.

‘84 खनिजं’

हा आकडा इतका फिरला आहे की आता तो सैंधवाच्या पाकिटांवरही छापून येतो. आवर्तसारणीतली नैसर्गिक मूलद्रव्यं मोजली तर नव्वदीच्या घरात जातात. फार बारीक मोजणारं यंत्र लावलं तर त्यातली बरीचशी मिठात सापडतील, बोअरच्या पाण्यातही सापडतील. पण त्या 84 मध्ये शिसं आणि पाराही धरलेला असतो, हे कोणी सांगत नाही.

प्रश्न किती आहेत हा नाही, किती वजनाची आहेत हा आहे. गुलाबी मीठ (म्हणजे सैंधव) घ्या किंवा खडे, त्यात 95 ते 98 टक्के सोडियम क्लोराइडच. बाहेर गुलाबी रंग दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडचा. दिवसाला 5 ग्रॅम मीठ खाल्लं आणि त्यातले 2 टक्के इतर क्षार धरले, तर सगळे मिळून 100 मिलिग्रॅम झाले, तेही बरेचसे जिप्समसारखे. इकडे 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात एकट्या मॅग्नेशियमचंच प्रमाण 130 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. खनिजांसाठी भाकरी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. आणि कॅल्शियमच हवं असेल तर लातूरच्या बोअरचं पाणी आहेच, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं.

सैंधवाला मी नाव ठेवत नाही. उपवासाला खातात, चव वेगळी, खाणीतून येतं. पाकिस्तानातल्या खेवड्याची खाण प्रसिद्ध आहे, आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ मिळतं. तेही जुन्या आटलेल्या समुद्राचंच. पण साध्या मिठाच्या कितीतरी पट पैसे 84 खनिजांसाठी मोजत असाल, तर ते फक्त रंगाचे पैसे आहेत.

‘आयोडीन निसर्गतःच असतं’

इथे मेसेज सर्वांत जास्त घसरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात आयोडीन सुमारे 60 मायक्रोग्रॅम असतं. ते सगळंच्या सगळं त्या 35 ग्रॅम क्षारांत उतरलं असं उदारपणे धरू (प्रत्यक्षात पुष्कळसं कडू पाण्याबरोबर जातं). तरीही 5 ग्रॅम मिठातून 9 मायक्रोग्रॅमसुद्धा मिळत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 150 लागतं, गरोदर बाईला 250. आयोडीनयुक्त मिठात ते ग्राहकाच्या हाती पडताना किमान 15 पीपीएम (किलोमागे 15 मिलिग्रॅम) असावं लागतं, म्हणजे 5 ग्रॅममागे 75 मायक्रोग्रॅम. उत्पादनावेळी 30 पीपीएम असेल तर 150.

मासे-शिंपल्या खाणाऱ्या किनाऱ्याचं एक वेळ भागेल. आपण ज्वारी, तूर, हरभरा खाणारे. पिकात आयोडीन किती येणार हे जमिनीवर ठरतं, आणि जमिनीतलं शतकानुशतकं पावसानं धुऊन गेलेलं असतं. आयोडीन कमी पडलं की गळा सुजतो तो गलगंड म्हणजे डोंगरातला आजार, ही समजूतही पुढे मैदानी भागांतल्या पाहण्यांनी मोडली. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून काही भागात आयोडीनचं आणि काही भागात साधं मीठ देऊन फरक पाहिला. आयोडीनवाल्या भागात गलगंड उतरला. त्याच पायावर 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गळ्यावरची गाठ निदान डोळ्यांना दिसते. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते ती दिसत नाही, आणि नंतर भरूनही निघत नाही.

‘खडे मीठ बंद पाडलं’

बंद कुठे आहे? बाजारात चला. किराणा दुकानाबाहेर ती पोती रात्रभर पडलेली असतात. मीठ कोणी चोरत नाही. माणसानं थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला मनाई आहे. जनावरांसाठी, टिकवणीच्या पदार्थांसाठी, उद्योगांसाठी मोकळीक आहे. शिवाय खडे मीठही आयोडीन लावून मिळतं, पुडीवर लिहिलेलं असतं. खड्याचीच सवय असेल तर ते घ्या, भांडण मिटलं. फक्त पोत्यातलं उघडं नको. ओल आणि ऊन लागलं की आयोडीन उडत जातं. घरातही शेगडीजवळची उघडी बरणी नको, झाकणाचा डबा बरा. मीठ चाखून कडवट लागलं किंवा डब्यात पाणी सुटलं, तर मॅग्नेशियम नीट निथळलेलं नाही असं समजा.

कायद्याचा इतिहास मात्र मेसेजवाल्यांना हाती लागला नाही याचं नवल वाटतं, कारण त्यात त्यांच्या कामाचं थोडं आहे. बिनआयोडीनच्या मिठावर 1998 ला बंदी लागू झाली, 2000 ला उठली, 2006 ला परत आली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मूळ कायद्यात बसत नाही म्हणून रद्द ठरवला. हरकत होती ती नियम कोणत्या कायद्याखाली केला यावर, म्हणून तो लगेच न उठवता काही महिने चालू ठेवला. त्यानंतर अन्नसुरक्षेच्या नियमांखाली ही मनाई कायम राहिली.

‘केमिकल’

म्हणजे गठ्ठे होऊ नयेत म्हणून घालतात ते पोटॅशियम फेरोसायनाइड. नावात ‘सायनाइड’ आहे आणि भीती तिथूनच सुरू होते. या संयुगात सायनाइड लोहाला इतकं घट्ट धरलेलं असतं की पोटात सुटं होत नाही. मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम. 5 ग्रॅम मिठातून आलं 0.05 मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची रोजची सुरक्षित मर्यादा 50 किलोच्या माणसासाठी 1.25 मिलिग्रॅम, म्हणजे 25 पट. चिंताच करायची तर मायक्रोप्लास्टिकची करा. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना 2018 मध्ये भारतीय समुद्री मिठात ते सापडलं.

बटाट्याचा निळा रंग म्हणजे आयोडीन आणि पिष्ट (स्टार्च) यांची भेट, शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिलेली. अन्नसुरक्षा प्राधिकरण हीच चाचणी मिठात आयोडीन आहे हे घरी पाहण्यासाठी सांगतं. प्रयोग बरोबर, निष्कर्ष उलटा.

थायरॉईड आणि बीपी

थायरॉईडच्या मुद्द्यात एक कण सत्य आहे. डेन्मार्कसारख्या काही देशांत मिठात आयोडीन आल्यावर थायरॉईड मंदावण्याचं प्रमाण थोडं वाढलं. ज्यांना आधीच असा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. पण एवढ्यावरून घरातल्या गरोदर सुनेचं आयोडीन बंद करणं शहाणपणाचं नाही.

बीपीच्या बाबतीत मात्र तेवढाही कण नाही. रक्तदाब वाढवतं ते सोडियम, आणि ते खड्यात, सैंधवात, पुडीत जवळजवळ सारखंच असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. चमचाभर खडे मीठ वजनाला कमी भरतं हे खरं, मधे हवा असते. पण आपण मीठ चमच्यानं थोडंच घालतो, जिभेनं घालतो. ठेचा, लोणचं, पापड, वर ताटात वेगळं वाढलेलं मीठ, यात रंग बदलून काही वाचत नाही.

ज्यात सोडियम खरोखर कमी असतं ते मीठ वेगळंच. त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं आणि बीपीला त्याचा उपयोग होतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असलेल्यांना तेच धोक्याचं, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात असं कोणी असेल तर ते पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फोडू नका.