सर्टिफिकेट घेतलं म्हणजे सुटलो?

आयात-निर्यातवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सक्तीच्या मजुरीने बनलेल्या मालावर बंदी घालणाऱ्या कायद्यांचा बाऊ करू नका. पुरवठादाराकडून प्रतिज्ञापत्र आणि ऑडिट सर्टिफिकेट घ्या, चीनमधून थेट माल घेऊ नका. युरोपला तर 2027 पर्यंत वेळच वेळ आहे.' या भरवशावर राहिलेल्याची खेप बंदरात अडकू शकते.

आधी प्रतिज्ञापत्र. चीनच्या शिनजियांग भागातून (जिथे उइघुरांना सक्तीने राबवलं जातं, असे आरोप आहेत) येणाऱ्या मालाबाबत अमेरिकेत 21 जून 2022 पासून उलटा न्याय आहे: माल सक्तीच्या मजुरीचाच, हे गृहीत. तसं नाही हे सिद्ध करायचं आयातदाराने. पुरवठादाराच्या सहीला तिथे फारसं वजन नाही. आणि ऑडिट, म्हणजे कारखान्यात जाऊन कामगारांच्या परिस्थितीची तपासणी? 2020 मध्येच काही बड्या ऑडिट कंपन्यांनी शिनजियांगमधलं काम थांबवलं. पाळतीखालचा कामगार खरं बोलणार कसा?

'थेट चीनमधून नको' हा तर भाबडेपणाच. अमेरिकी कायद्यात 'पूर्णतः किंवा अंशतः' असे शब्द आहेत, आणि या 'अंशा'ला खालची मर्यादा नाही. शर्ट व्हिएतनाममध्ये शिवला असेल, पण सूत कुठलं? गिरणीत मिक्सिंगला कापसाच्या वेगवेगळ्या गाठी फोडून एकत्र मिसळतात. पुढे धाग्याकडे नुसतं बघून कापूस कुठला ते कळत नाही. म्हणून गाठीच्या लॉट नंबरपासून शर्टापर्यंतची साखळी दाखवावी लागते: खरेदीची बिलं, पैसे चुकते केल्याचा पुरावा, वाहतुकीचे कागद, उत्पादनाच्या नोंदी. वजनाचा मेळही बसायला हवा. समजा, गिरणीकडे 10 टन कापसाची बिलं आहेत आणि तिने 12 टन सुती धागा विकलाय. वरचे 2 टन आले कुठून? कताईत तर उलट घट येते!

युरोपची बंदी 14 डिसेंबर 2027 पासून लागू होईल, हे बरोबर. सिद्ध करायची जबाबदारीही तिथे सरकारी यंत्रणेवर आहे. पण ती बंदी निर्यातीला आणि ऑनलाइन विक्रीलाही आहे, आणि त्या डिसेंबरात विकायच्या कपड्यांचा कापूस कितीतरी आधी खरेदी झालेला असतो.

शिवाय हे प्रकरण एकट्या चीनचं नाहीच. मलेशियातल्या टॉप ग्लोव्ह कंपनीचे हातमोजे अमेरिकेने जुलै 2020 मध्ये रोखायला सुरुवात केली. कारणांत एक होतं कर्जाची वेठबिगारी: परदेशी कामगार नोकरीसाठी एजंटांना पैसे मोजून, कर्जात बुडून आलेले. कंपनीने कामगारांना भरपाई दिली, त्यांच्या राहण्याची सोय सुधारली, तेव्हा कुठे सप्टेंबर 2021 मध्ये वाट मोकळी झाली.