नंबर आहे, पण कसला?

फोंड्याच्या कट्ट्यावर वाद सुरू झाला तो रामनाथच्या एका वाक्याने. "डॉक्टराच्या बोर्डावर रजिस्ट्रेशन नंबर असला की झालं. आणखी काय बघायचं?"

"तो कसला नंबर ते बघायचं," उल्हासबाब म्हणाले. "एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाल्यावर मिळते ती तात्पुरती नोंदणी. ती फक्त इंटर्नशिपच्या 12 महिन्यांपुरती, आणि तीही देखरेखीखाली काम करायला. तिच्यावर स्वतःचा दवाखाना उघडता येत नाही. इंटर्नशिपचा दाखला आणि पदवी दाखवली की गोवा मेडिकल कौन्सिलकडे कायमची नोंदणी होते."

"आणि परदेशातून शिकून आला असेल तर?"

"आधी स्क्रीनिंग परीक्षा. 300 पैकी 150 गुण. ती पास झाल्याशिवाय इथे इंटर्नशिपसुद्धा नाही."

शांबाचा मुद्दा वेगळा होता. एमडी झाल्यावर लोक लगेच बोर्ड रंगवतात, पण वाढीव पात्रतेची नोंद कौन्सिलच्या रजिस्टरात करायची राहून जाते. मग कोर्टाचं किंवा विम्याचं काम निघालं की बोर्डावर एमडी आणि रजिस्टरात नुसतं एमबीबीएस, ही तफावत उघडी पडते.

अर्ज अडकतात ते बहुतेक नावावरून, यावर मात्र तिघांचंही एकमत. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत पोर्तुगीज वळणाने आडनाव 'सी'ने लिहिलेलं, गुणपत्रिकेवर 'के'ने. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे हाल त्याहून जास्त. नाव जुळवायचं काम परीक्षेचा फॉर्म भरतानाच करावं. नंतर प्रतिज्ञापत्रं आणि राजपत्र यांच्यामागे धावावं लागतं.

रामनाथ मागे हटला नाही. "ताप आलेल्या माणसाने रजिस्टर तपासत बसायचं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दवाखान्यात आणि चिठ्ठीवर नंबर लिहायची सक्ती डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत आहे. पण नंबर कुठल्या रजिस्टरातला हे कळायलाच हवं. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्याने ॲलोपॅथीची औषधं दिली तो प्रकार सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निष्काळजीपणा ठरवला. आणि कुठलीच नोंदणी नसताना डॉक्टरकी केली, तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या 34 व्या कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फार्मसीचं शांबाने थोडक्यात सांगितलं: 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं. भिंतीवर प्रमाणपत्र आणि माणूस घरी, हे चालत नाही.

शेवटी गाडी सावंतवाडीवर आली. तिथल्या डॉक्टराला म्हापशाला बसायचं असेल तर? महाराष्ट्रातली नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. ती चालू असली म्हणजे पुरे, असं रामनाथचं म्हणणं. उल्हासबाबांना ते मान्य नव्हतं. "इथे काम करायचं तर इथल्या कौन्सिलकडे अर्ज हवाच. तिकडच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र आणि गुड स्टँडिंगचा, म्हणजे डॉक्टरावर कसली कारवाई नसल्याचा, दाखला आधी मागवायचा. ही पडताळणी दोन कौन्सिलांमध्ये होते, आपल्या घाईने होत नाही. म्हणून म्हापशात खोली भाड्याने घ्यायच्या आधी अर्ज टाकायचा."