तिची आई ‘डिसऑर्गनाइज्ड’ नव्हती

मागच्या रविवारी अभ्यासिकेत एका मुलीने इंग्रजी निबंध तपासायला दिला. विषय ‘माझी आई’. आई चार घरची धुणीभांडी करते. तिसऱ्याच ओळीत वाक्य होतं : ‘माय मदर वर्क्स इन द डिसऑर्गनाइज्ड सेक्टर.’

लाल पेन टेकवण्याआधी मी तिला विचारलं, “आई उठते किती वाजता?”

“साडेचारला, बाई. पावणेपाचला नळ येतो.”

मग तिने सगळा दिवसच सांगितला. सहाला पहिलं घर, साडेसातला दुसरं, तिथून येऊन धाकट्याचा डबा, दहाला तिसरं. कुणाकडे मशीन लावायचं, कुणाकडे हाताने धुवायचं, कुणाची किल्ली शेजारी असते, सगळं आईच्या डोक्यात. वही नाही, मोबाइलमध्ये अलार्म नाही.

“मग तुझी आई अव्यवस्थित आहे का गं?”

“नाय ओ बाई!” तिला रागच आला.

तिला म्हणायचं होतं ‘असंघटित’. इंग्रजीत ‘अनऑर्गनाइज्ड’. २००८ साली संसदेने असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावातही ‘अनऑर्गनाइज्ड वर्कर्स’च होतं. ‘अन’ लावलं की अर्थ होतो : संघटना नाही, भरपगारी रजा नाही, पीएफ नाही. ‘डिस’ लावलं की घडी विस्कटलेली, कामाला शिस्त नसलेली बाई डोळ्यांपुढे येते. दोन अक्षरांच्या चुकीने मुलीने स्वतःच्या आईवर ठपका ठेवला होता, तोही तिच्याबद्दल अभिमानाने लिहायला बसलेली असताना.

चूक तिची नव्हती. तिच्या वहीत होतं ‘ऑर्गनाइज्ड × डिसऑर्गनाइज्ड’. मधली ती फुली आपण सगळ्यांनी शाळेत काढली आहे. रोज ५० शब्द पाठ करा, डावीकडे शब्द, उजवीकडे विरुद्धार्थी, मध्ये फुली. बँकेची परीक्षा असो की स्टाफ सिलेक्शन कमिशनची, विरुद्धार्थी शब्द विचारतात, त्यामुळे क्लासवालेही तेच घोटून घेतात. माझा सगळा राग त्या फुलीवर आहे. ‘हे त्याच्या उलट’ एवढंच ती सांगते. कशा प्रकारे उलट, ते सांगतच नाही, आणि इंग्रजीत खरी मेख तिथेच असते.

मराठीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. नाव नसलेल्या गोष्टीला आपण किती शब्द वापरतो बघा. पत्र निनावी असतं. जमीन बेनामी असते. हुरहूर अनामिक असते. चौथीतलं पोरही ‘बेनामी पत्र आलं’ किंवा ‘अनामिक जमीन घेतली’ असं म्हणणार नाही. तिन्ही शब्दांत नाव नाहीच, पण निनावी पत्रात कुणीतरी लपलंय, बेनामी जमिनीत कुणाचं तरी नाव पुढे केलंय, आणि अनामिक हुरहुरीला नाव सापडतच नाही. इतका बारीक फरक ज्यांच्या कानाला कळतो, त्यांना ‘अनइंटरेस्टेड’ आणि ‘डिसइंटरेस्टेड’ अवघड का जावं? जांभया देणारा न्यायाधीश अनइंटरेस्टेड. ज्याचा निकालात काही स्वार्थ नाही, तो निःपक्ष न्यायाधीश डिसइंटरेस्टेड. पहिला नको, दुसरा हवा.

हा फक्त मार्कांचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. दोन वर्षांपूर्वी आईची सोनोग्राफी झाली. रात्री भावाचा फोन. “ताई, आईच्या पित्ताशयात काहीतरी अनरिमार्केबल निघालंय.” आवाज कापत होता. शब्द लांबलचक, ‘अन’ने सुरू होणारा, आणि डॉक्टर सकाळी दहाला भेटणार. अण्णा कॉटवर उठून बसलेले. मी म्हटलं, अरे, म्हणजे नोंद घ्यावी असं तिथे काहीच नाही, पित्ताशय अगदी ठीक आहे. त्याला पटेना. इतकी चांगली गोष्ट इतक्या भीतिदायक शब्दात कोण लिहील? रिपोर्टाची भाषा तशीच असते. डिस्चार्ज कार्डावर ‘अफेब्राइल’ लिहितात, म्हणजे ताप नाही. ‘एसिम्प्टोमॅटिक’ म्हणजे लक्षणं नाहीत. दवाखान्यात नकार हीच बहुतेकदा आनंदाची बातमी असते, आणि आपल्या घरांत ती रात्रभर रडत वाचली जाते.

सोसायटीच्या ऑडिटमध्येही तेच. ऑडिटरने ‘अनक्वालिफाइड’ अभिप्राय दिला की समजावं, हिशोब स्वच्छ आहेत, त्याने कसलाही आक्षेप जोडलेला नाही. ‘क्वालिफाइड’ दिला तर खुशाल सभेत उठून प्रश्न विचारा.

आणि हायवेवरचा पेट्रोलचा टँकर. मागे मोठ्या अक्षरांत ‘हायली इनफ्लेमेबल’. आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, “बाई, इन म्हणजे नाही ना? मग हा पेटत नाही?” प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. तिथला ‘इन’ नकाराचा नाहीच, तो लॅटिनमधला ‘आत’ या अर्थाचा. चटकन पेट घेणारं ते इनफ्लेमेबल. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात, तो दाह, त्याच घरातला. याच गोंधळाच्या भीतीने अमेरिकेत आगीपासून सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. आपल्या टँकरांवर जुना शब्द राहिला. नकाराचं चिन्ह वाटणारी प्रत्येक गोष्ट नकार नसते, हे मुलांना शिकवायला याहून चांगला टँकर मला मिळालेला नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही उच्चारू नका. मी कित्येक वर्षं ते पाळलं. आज मला त्या वर्षांबद्दल वाईट वाटतं. कारण या नकाराच्या उपसर्गांची किल्ली मराठी मुलाच्या खिशात आधीपासूनच असते, आणि मी त्याला खिशात हात घालू देत नव्हते.

सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या न्यायालयातले न्यायाधीश. १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात त्यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आलेल्या असाव्यात. नकाराचा उपसर्ग हा त्या नात्याचा ठळक पुरावा आहे. आपला ‘अ’ आणि ‘अन्’, ग्रीकचा ‘अ’ आणि ‘अन्’, लॅटिनचा ‘इन’, इंग्रजीचा स्वतःचा ‘अन’, हे सगळे सख्खे भाऊ. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन् : अशांत, पण अनादर. ग्रीकमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांतही तसंच. एसिम्प्टोमॅटिक, पण अनार्की. ‘अज्ञात’ घ्या. इंग्रजीत ‘अननोन’. त्या ‘नो’च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो के मुका बसलाय, तो जुन्या इंग्रजीत बोलायचा, आणि तो आपल्या ‘ज्ञ’चा नातेवाईक आहे. हे सांगितलं त्या दिवसापासून माझ्या वर्गात तो के कुणी विसरलेलं नाही.

दुसरी जागा याहून कामाची. अभ्यासिकेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. मी फळ्यावर ‘अजिंक्य’ लिहिते आणि शेजारी ‘इनव्हिन्सिबल’. पुढे ‘अ’, शेवटी ‘य’. पुढे ‘इन’, शेवटी ‘इबल’. एकच साचा. मग मुलंच भराभर सांगतात : अदृश्य, इनव्हिजिबल. असह्य, अनबेअरेबल. अशक्य, इम्पॉसिबल. अविस्मरणीय, अनफर्गेटेबल. अमूल्य म्हणजे कवडीमोल असं कुठल्याच मराठी मुलाला वाटत नाही, म्हणून ‘इनव्हॅल्युएबल’लाही ती फसत नाहीत. इंग्रजी माध्यमातली हुशार मुलं तिथे फसलेली मी पाहिली आहेत.

असंच चाललेलं असताना एका मुलाने ‘अस्पृश्य’ म्हटलं. मी लिहिलं : अनटचेबल. अ-स्पृश्-य, अन-टच-एबल. तुकडा तुकडा जुळत होता. थोडा वेळ कुणी पुढचा शब्द सुचवला नाही. मग राज्यघटनेचं कलम १७ आम्ही दोन्ही भाषांत वाचलं. त्या दिवशी फळ्यावर आणखी शब्द चढवले नाहीत.

‘इम’, ‘इल’, ‘इर’ वेगळे पाठ करण्याची तर गरजच नाही. ते सगळे ‘इन’च आहेत. ‘आंबा’ म्हणताना अनुस्वाराचा म् होतो, ‘आंधळा’ म्हणताना न्. ओठ मिटायचे असले की न आपोआप म होतो, म्हणून इम्पॉसिबल, इम्मॅच्युअर. उत् अधिक लेख, उल्लेख. इन अधिक लीगल, इल्लीगल. संधी सोडवता येणाऱ्या मुलाला इल्लीगलमध्ये दोन एल का, हे विचारावं लागत नाही. स्पेलिंगचे निम्मे घोटाळे इथेच मिटतात : मिस अधिक स्पेल, दोन एस. डिस अधिक अपॉइंट, एकच एस. अन अधिक नॅचरल, दोन एन.

जिथे साचा चालत नाही, तिथे तेही सांगावं. अनएबल, पण इनॅबिलिटी. अनजस्ट, पण इनजस्टिस. अनईक्वल, पण इनईक्वॅलिटी. हे कानानेच येतं, वाक्यं वाचून. ‘मिसइन्फर्मेशन’ म्हणजे चुकून पसरलेली खोटी माहिती आणि ‘डिसइन्फर्मेशन’ म्हणजे ठरवून पसरवलेली, हा फरक मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या मेसेजवरून शिकवते, आणि पोरांना तो एका मिनिटात कळतो.

त्या मुलीच्या वहीतली फुली आम्ही दोघींनी मिळून खोडली. त्या जागी तिने दोन ओळी घातल्या. एकीत आईचं कामाचं क्षेत्र अनऑर्गनाइज्ड. दुसरीत लग्नाच्या आदल्या दिवशीचं मामाचं घर डिसऑर्गनाइज्ड. खाली मराठीत दोन्ही शब्द. आठवड्याला असे दहा शब्द पुरे. ५० नकोत.

शिक्षक मित्रमैत्रिणींना एक मागणं. तुमच्या घरी रिपोर्टात, करारपत्रात, बँकेच्या पत्रात असा एखादा नकाराचा शब्द आला असेल ज्याने तुम्ही घाबरलात किंवा फसलात, तर नावगाव गाळून फक्त ती ओळ खाली लिहा. रविवारी दहाला वर्ग असतो. त्या ओळी मी मुलांपुढे ठेवीन.