अंगठा

लाकडाला सरळ भोक पाडणे, त्यात पितळी नळी बसवणे आणि लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, ते तासून बोटाला सुखावेल इतके गुळगुळीत करणे एवढे जमले, की पेन बनवणारा माणूस स्वतःला कारागीर समजू लागतो. मीही समजू लागलो होतो. अडचण एवढीच होती, की नुसते तेल किंवा मेण लावलेले माझे पेन पहिल्या दिवशी नवरदेवासारखे झळकायचे आणि महिनाभर घामट हातात फिरले, की त्याच नवरदेवाच्या दहा वर्षांनंतरच्या फोटोसारखे दिसायचे. यावर जाणकारांचा उपाय असा, की पेनाला सायनोअ‍ॅक्रिलेटचा, म्हणजे कपाचा तुटलेला कान जोडायला आपण आणतो त्या झटपट गोंदाचा, थरावर थर देऊन लेप चढवावा. घट्ट झाल्यावर हा गोंद कठीण, पारदर्शक प्लास्टिक होतो आणि लाकूड काचेच्या आत ठेवल्यासारखे दिसते. गोंद लावण्यात अवघड ते काय, असे मी त्या वेळी मोठ्याने म्हणाल्याचे घरात अजून लक्षात ठेवले गेले आहे.

या गोंदाचा इतिहास मी आधी वाचला असता, तर सावध झालो असतो. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर हे अमेरिकी रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्या खटपटीत हा पदार्थ त्यांच्या हाती लागला, पण तो दिसेल त्या वस्तूला चिकटतो म्हणून त्यांनी त्याला निकामी ठरवून बाजूला सारले. १९५१ मध्ये त्याच्याशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा कुठे या दुर्गुणातला गुण उमगला आणि १९५८ मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. थोडक्यात, ज्याच्या चिकटपणाला प्रत्यक्ष रसायनतज्ज्ञ कंटाळले होते, त्याच्याकडून मी गुळगुळीतपणाची अपेक्षा धरून बसलो होतो.

त्याचा स्वभावही उलटा. घरातले इतर बरेच गोंद वाळतात, म्हणजे त्यांच्यातले पाणी उडून जाते. याला मात्र घट्ट व्हायला पाणीच लागते आणि तेही इतके थोडे, की हवेतल्या बाष्पाचा पृष्ठभागावर बसलेला अदृश्य पापुद्रा त्याला पुरतो. लाकडात ओल बेताची असते. माणूस मात्र बोटांच्या टोकांपासून डोळ्यांच्या कडांपर्यंत ओलाच असतो. त्यामुळे पेन आणि पेन बनवणारा यांपैकी एकाची निवड करायची वेळ आली, की हा गोंद क्षणाचाही विचार करत नाही.

पहिल्या दिवशी मी लेप लावायला जुन्या बनियनचा मऊ तुकडा घेतला, कारण घरात कोणतेही कसब जुन्या बनियनपासूनच सुरू होते. सुती धाग्यांच्या संगतीत हा गोंद अतिशय झपाट्याने घट्ट होतो आणि तसे होताना तापतो, हे मला बोटांना चटका बसून बनियनमधून धूर निघाला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी घडी घातलेला टिश्यू पेपर घेतला. लेथ संथ ठेवायचा, कागद पेनाच्या खालून धरायचा, वरून दोन-तीन थेंब सोडायचे आणि गोंद दाटायच्या आत कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवून बाजूला घ्यायचा. त्यातल्या ‘एकदा’ या शब्दाला फार किंमत आहे. एखादी जागा जरा सारखी करू म्हणून मी कागद मागे वळवला आणि अर्धा कागद पेनावर कायमचा राहिला.

थर सुकण्याची वाट बघायची नसेल, तर अ‍ॅक्सिलरेटर नावाचा फवारा मिळतो. तो लांबून आणि हलकाच मारायचा असतो. मी तो झुरळावर मारतात तसा जवळून आणि सूड उगवल्यासारखा मारला. गोंद जागच्या जागी उकळला, त्याला बुडबुडे आले आणि पेनाला मोतीबिंदू झाल्यासारखा पांढरा ढग त्यावर पसरला. तो खरवडून मी पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात केली.

चौथ्या थराला मात्र मी फवारा टाळला, लेथ बंद केला आणि संयमाने वाट पाहिली. साधारण वीस सेकंद. मग थर सुकला की नाही, हे पाहायला अंगठा टेकवला.

थर सुकलेला नव्हता. पेन लेथच्या दांड्यावर घट्ट बसलेले, अंगठा पेनावर घट्ट बसलेला आणि हा गोंद विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनची बाटली हात पुरणार नाही अशा फळीवर. त्यातच गोंदाची वाफ डोळ्यांत गेल्यामुळे माझ्या गालांवरून पाणी ओघळत होते. तेवढ्यात आतून हाक आली.

“अहो, जरा इकडे येता का?”

“येता येत नाही. मी लेथला चिकटलोय.”

“ते मी गेले सहा महिने बघतेच आहे.”

“अगं, खरंच चिकटलोय!”

ती आली, तिने माझ्या डोळ्यांतले पाणी पाहिले आणि उपरती झाली असावी अशा समजुतीने क्षणभर हळवी झाली. खरा प्रकार कळल्यावर मात्र तिने बाटली काढून दिली. अ‍ॅसिटोनने अंगठा सोडवला, पण अ‍ॅसिटोन अंगठा आणि लेप असा भेदभाव करत नसल्याने त्याने चारही थर उतरवून लाकूड उघडे पाडले.

पुढची प्रगती इतकी नाट्यमय नव्हती. पेनाच्या दोन्ही टोकांना असलेले धातूचे बुश, म्हणजे पेन दांड्यावर धरून ठेवणारी कडी, लेपात गुंतून बसले आणि ते सोडवताना एका टोकाचा टवका उडाला. मग कळले, की तिथे पॉलिइथिलिनचे शंकू लावायचे असतात, कारण त्या प्लास्टिकला हा गोंद सहसा धरत नाही. म्हणून तर त्याच्या बाटल्याही त्याच प्लास्टिकच्या असतात. स्वतःच्या घराला न चिकटणारा आणि पाहुण्याला न सोडणारा असा हा प्राणी आहे.

दहा थर चढल्यावर घासकाम आले. आधी पॉलिश पेपरने तो चकचकीत लेप सगळीकडे सारखा मंद होईपर्यंत घासायचा, कारण जिथे चमक उरते तिथे खळगा असतो. चमक आणण्यासाठी एवढा खटाटोप करून पहिल्यांदा चमक शोधून तिला नष्ट करायचे, हे मनाला फार लागते. मला ते इतके लागले, की घासताना एका जागी मी थेट लाकडापर्यंत पोचलो. पुन्हा दहा थर. त्यानंतर १५०० पासून १२००० क्रमांकापर्यंतच्या, एकीपेक्षा एक बारीक अशा नऊ घासपट्ट्या पाण्यात भिजवून एकामागून एक फिरवल्या, आणि शेवटच्या पट्टीनंतर पेनात मला खिडकीची चौकट स्पष्ट दिसली. खरे सांगतो, त्या क्षणी मागचे सगळे माफ करावेसे वाटले.

पेन मोठ्या तोऱ्यात बायकोच्या हाती दिले. तिने ते उजेडाकडे धरून सावकाश फिरवले आणि एका जागी थांबवले. लेपाच्या आत, आठव्या थराच्या आसपास, एक धूसर पांढरट ठसा रेषान्‌रेषा दिसत होता, कारण आठव्या थरालाही मी सुकला का ते पाहिले होते. गुन्ह्याच्या जागी उमटलेले अदृश्य ठसे दिसावेत म्हणून तपास करणारे याच गोंदाची वाफ वापरतात, अशी माहिती मी विषय बदलण्यासाठी घाईघाईने पुरवली.

“छान झालंय हो पेन,” ती म्हणाली, “पण सही यायच्या आधीच अंगठा लावून ठेवलात.”