शुल्काचं वेळापत्रक दहा वर्षांचं, आयटीआयचं मात्र दर ऑगस्टचं

परदेशाशी व्यापार करार करायचा असला की सरकार उद्योगांचं मत मागवतं, आणि हे चांगलंच आहे. पण उद्योजकांच्या संघटनेमार्फत जो तक्ता आमच्यासारख्यांपर्यंत पोचतो त्याचे रकाने ठरलेले असतात. मालाचा एचएस कोड (जगभर चालणारा मालाच्या प्रकाराचा क्रमांक), सध्याची निर्यात, समोरच्या देशातलं शुल्क, स्पर्धा कोणाशी, कुठली आयात वाढली तर त्रास होईल. उद्या हाच माल दुप्पट करायचा झाला तर तो करणारी माणसं कुठून आणणार, हा रकाना मला अजून कुठल्याही तक्त्यात दिसलेला नाही. त्याची चर्चा वेगळं खातं, वेगळ्या बैठकीत, त्यांच्या सवडीने करतं. करार दिल्लीत वाणिज्य मंत्रालयाकडे, आयटीआय मुंबईत कौशल्य विभागाकडे, आणि दोघांची गाठ पडते ती थेट भोसरीच्या शेडमध्ये, आमच्या डोक्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. टर्निंग, मिलिंग, थोडंफार असेंब्लीचं काम. आमचा माल चाकणच्या मोठ्या व्हेंडरकडे जातो, त्यांच्या असेंब्लीत बसतो आणि मग बोटीत चढतो. निर्यातदारांच्या यादीत आमचं नाव शोधून सापडायचं नाही. पण तिकडच्या गिऱ्हाइकाने ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आवळला की रात्रपाळीला आम्हीच थांबतो.

ब्रिटनबरोबरच्या करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. बोलणी सुरू झाली होती जानेवारी 2022 मध्ये. आपल्याकडून जाणाऱ्या मालाच्या जवळपास 99 टक्के शुल्करेषांवर (म्हणजे शुल्काच्या यादीतल्या मालाच्या प्रकारांवर) तिकडे शून्य शुल्क ठरलंय, तर त्यांच्या मोटारींवरचं आपलं शंभर टक्क्यांच्या वरचं शुल्क कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर येणार आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी त्याआधीच सह्या झालेला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचं आणि 10 लाख थेट रोजगारांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. वाचून बरं वाटतं. पण त्या 10 लाखांतले सेटर (कामासाठी मशिन लावून देणारे) किती, वेल्डर किती, टूलरूमवाले किती, आणि ते कुठल्या आयटीआयच्या कुठल्या बॅचमधून निघणार?

या करारांमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची शुल्काची परिशिष्टं. (हो, मी ती वाचते. घरच्यांनी हसून घेतलंय.) कुठल्या मालावरचं शुल्क कितव्या वर्षी किती उतरणार, ते त्यात ओळीओळीने दिलेलं असतं. सरकार इतकं पुढचं आणि इतकं नेमकं आपल्याला दुसरं काहीच सांगत नाही. कुठला धंदा वाढू शकतो आणि कुठल्यावर कुऱ्हाड येऊ शकते, याचा अंदाज त्यातून आधीच बांधता येतो. आता आयटीआयकडे बघा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन-दोन वर्षांचे. त्यावर अप्रेंटिसशिप धरा. म्हणजे यंदा प्रवेश घेतलेला मुलगा कामाचा माणूस व्हायला तीन वर्षं तरी जातात. ज्या वर्षी शुल्क उतरणार त्याच्या तीन वर्षं आधी त्या ट्रेडच्या जागा, मशिनं आणि शिकवणारे तयार हवेत. हे गणित मांडायला कुठल्या सल्लागार कंपनीची गरज नाही, पण दोन्ही कागद एका टेबलावर यायला हवेत.

आमच्याकडे एक मुलगा आयटीआय करून आला. मायक्रोमीटर हातात घेतला तेव्हाच कळलं की याला नीट शिकवलंय. रॅचेटची टकटक ऐकली आणि थांबला, पाना आवळल्यासारखा आवळत बसला नाही. फायलिंग तर असं की आमचे सेटर, ज्यांना सगळी शेड मामा म्हणते, ते एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनीही त्याने घासलेला जॉब, म्हणजे तो भाग, उलटापालटा करून पाहिला. मग ड्रॉइंग समोर ठेवलं. चौकटीतलं पोझिशन टॉलरन्सचं चिन्ह, पुढे डेटम, म्हणजे माप जिथून धरायचं त्या बाजू, ए, बी, सी. पोरगं गप्प. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर, वर्क ऑफसेट (जॉबचा शून्यबिंदू) कसा घेतात, हे त्याने फळ्यावर पाहिलं होतं, हाताने कधी घेतलं नव्हतं. मामा त्याच्याबरोबर उभे राहिले, मशिन थांबलं, इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची पाती) तुटले, जॉब भंगारात गेले. आज तो उत्तम सेटिंग करतो. चाकणच्या एका कंपनीत.

मुलाला दोष देत नाही, पगार जास्त मिळाला तर जाणारच. प्रश्न शिकवण्याचा खर्च कोणी सोसायचा हा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्यांना अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार उचलतं. ठीक. पण मामांचा वेळ, थांबलेलं मशिन आणि तुटलेले इन्सर्ट कुठल्या खात्यात टाकायचे? भोसरीत शिकवायचं आणि चाकणला पाठवायचं, हे आमचं बिनपगारी कॉलेज वर्षानुवर्षं चालू आहे.

पैसे नाहीत असंही म्हणता येत नाही. मे 2025 मध्ये केंद्राने 1,000 आयटीआय सुधारायला 60,000 कोटींची योजना मंजूर केली: 30,000 केंद्राचे, 20,000 राज्यांचे, 10,000 उद्योगांचे. तीच पुढे पीएम-सेतू म्हणून सुरू झाली. मोठा उद्योग आयटीआयच्या कारभारात पुढाकार घेणार, अशी रचना आहे. 2007-08 मध्येही 1,396 सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊन व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद उद्योगांकडे दिलं होतं. तेव्हा आमच्या आकाराच्या शेडला त्या समितीत कोणी विचारलं नाही. आताही मोठी कंपनी तिला हवा तसा ऑपरेटर घडवून घेईल, त्यात तिचं चुकत नाही. जॉबवर्क करणाऱ्याला मात्र चार मशिनं फिरवणारा, सेटिंग करणारा, तपासणीचा रिपोर्ट लिहिणारा माणूस लागतो. ती गरज त्या टेबलावर मांडणार कोण?

आणि प्रशिक्षण म्हटलं की सगळ्यांना लेथच दिसतो. शुल्काची सवलत हवी तर माल इथलाच आहे हे कागदोपत्री दाखवावं लागतं. म्हणून व्हेंडर आमच्याकडे विचारणा करतो: पोलादाचा बार कुठल्या कारखान्याचा, आयात केलेला भाग किती, त्याची किंमत किती. हे आमच्या ऑफिसातली बी.कॉम. झालेली मुलगी यूट्यूब बघून शिकली. तिच्यासाठी आठवड्याभराचा सरकारी कोर्स निघाला तर पहिला अर्ज आमचा.

अमेरिकेने 1962 पासून व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांच्या फेरप्रशिक्षणाची योजना चालवली; जुलै 2022 पासून नवे अर्ज घेणं बंद झालं. युरोपीय संघाचा तसाच निधी 2007 पासून आहे. दोन्हीकडे नोकरी गेल्यावर मदत. आपल्याला संधी आहे ती आधी करायची.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सरकारी पैसा आला की संस्था उगवतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि बोर्ड उतरवून निघून जातात. खरंय, पाहिलंय. म्हणून निम्मे पैसे मूल वर्षभर कामावर टिकल्यावर द्या, आणि शिकवणाऱ्या छोट्या युनिटलाही त्यातला वाटा द्या, मग ते मूल शेवटी कुणाच्याही गेटवर पंच करो.

मी संघटनेकडे लेखी दोनच मागण्या दिल्यात. मत मागवण्याच्या तक्त्यात कौशल्याचा रकाना, आणि प्रत्येक कराराच्या शुल्क परिशिष्टाबरोबर पुणे जिल्ह्यातल्या आयटीआयच्या जागांचा आराखडा. चाकण, रांजणगाव, तळेगाव भागातल्या शेडवाल्यांनी आपल्याकडे नेमका कुठला माणूस मिळत नाही ते मला कळवा. पुढच्या बैठकीआधी एकत्र यादी देते. नुसतं "स्किल्ड लेबर" लिहू नका, ट्रेड आणि मशिन लिहा.