हात कुणाचा, डोळे कुणाचे

माझी मोठी बहीण सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते. २०२३ च्या डिसेंबरात ‘अ‍ॅनिमल’ आला तेव्हापासून आमचा एक वाद चालू आहे. वर्षभराने मल्याळम ‘मार्को’ आला आणि तो आणखी पेटला. ताईचं म्हणणं सरळ आहे: असल्या सिनेमांना सेन्सॉरने कात्री लावलीच पाहिजे, कारण नववी-दहावीची पोरं वर्गात त्या नायकासारखी चालतात, त्याच्यासारखं बोलतात. राज्यसभेतही तेव्हा एका खासदारांनी सांगितलं होतं की त्यांची मुलगी मैत्रिणींबरोबर ‘अ‍ॅनिमल’ बघायला गेली आणि रडत अर्ध्यातून उठून आली. आणि ताईचा सख्खा भाऊ इकडे इटलीत, तोरिनोत बसून आवडीने खुनांचे सिनेमे बघतो. “तुला तिकडून बोलायला काय जातं?” असं ती विचारते. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

कॉलेजपासून मी स्लॅशर सिनेमांचा चाहता आहे. ‘हॅलोविन’ (१९७८), ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) आणि त्यांची सगळी पिलावळ. मुखवट्यातला खुनी, एकेक करून मरणारी तरुण मुलं, शेवटी उरणारी एक मुलगी. या घराण्याचं मूळ इटलीत आहे हे इथे आल्यावर उमगलं. मोन्दादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या, त्यावरून इथे रहस्यकथेलाच ‘जाल्लो’, म्हणजे पिवळं, म्हणतात. मारिओ बावाने १९६४ मध्ये एका फॅशन हाउसमधल्या खुनांचा सिनेमा काढला, आणि चेहरा नसलेला, हातमोजे घातलेला खुनी पडद्यावर रुळला. त्याच्याच १९७१ च्या सिनेमात खाडीकाठच्या जमिनीसाठी एकामागून एक माणसं मारली जातात. त्यातला एक खून ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागात जवळजवळ जसाच्या तसा आहे.

पण मला धरून ठेवलं ते दारिओ अर्जेंतोच्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’ने (१९७५). त्याचं बरंचसं चित्रीकरण याच शहरात झालं. इथल्या पियात्सा सीएलएन या चौकात दोन कारंजी आहेत, पो आणि दोरा या नद्यांच्या संगमरवरी मूर्तींची. त्या चौकात रात्री उभा असलेला एक पियानोवादक वरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना बघतो. धावत वर जातो, चित्रांनी भरलेल्या बोळातून आत शिरतो. नंतर त्याला सारखं वाटत राहतं की तिथलं एक चित्र आता नाहीसं झालंय. ते काय होतं, हे शेवटी कळतं. विलक्षण गोष्ट अशी की जे त्याने पाहिलं ते आपणही पाहिलेलं असतं. खुन्याचा चेहरा अर्जेंतोने सुरुवातीलाच समोर ठेवलेला असतो आणि तो आपल्या डोळ्यांतून निसटतो. मी दुसऱ्यांदा बघताना त्या जागी थांबलो, मागे गेलो, पुन्हा पाहिलं. चेहरा होता तिथे.

माझ्यासाठी सगळा मुद्दा इथे आहे. गावाकडच्या चर्चेत रक्त मोजलं जातं: किती मिनिटं, किती मुडदे, किती कट. मला विचारावंसं वाटतं की हत्यार कुणाच्या हातात आहे आणि आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतोय. ‘अ‍ॅनिमल’मध्ये कुऱ्हाड नायकाच्या हातात आहे. मागे गाणं वाजतं, थिएटरात शिट्ट्या पडतात, प्रत्येक वार बरोबर ठरतो कारण त्यामागे बापावरचं प्रेम आहे. जाल्लोतला हात अनोळखी असतो. (अर्जेंतोच्या सिनेमांत ते काळे हातमोजे बहुतेकदा तो स्वतःच घालायचा.) त्या हातासाठी कुणी शिट्टी मारत नाही. बघणारा साक्षीदार असतो, आणि साक्षीदार चुकतो. मिलानमध्ये पियात्सा फोन्तानातल्या बँकेत १२ डिसेंबर १९६९ ला बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली, आणि खरे गुन्हेगार कोण यावर कित्येक वर्षं खटले चालले. अर्जेंतोचा पहिला सिनेमा त्यानंतर काही आठवड्यांत आला. ‘मी पाहिलं, पण काय पाहिलं ते कळत नाही’ ही अवस्था तेव्हाच्या इटालियन प्रेक्षकाला परकी नव्हती, असं मला वाटतं.

याचा अर्थ जाल्लो निर्दोष आहे असं नाही. या सिनेमांत सुंदर बायका फार सुंदर रीतीने मरतात, कॅमेरा त्यांच्यावर रेंगाळतो, आणि ते मला आवडत नाही. अर्जेंतोच्याच ‘तेनेब्रे’त (१९८२) एक पत्रकार बाई रहस्यकथा लेखकाला तोंडावर विचारते की तुझ्या लेखनात बायकांबद्दल एवढा तिरस्कार का? पुढे तिचाच खून होतो, आणि तो लांबलचक प्रसंग कॅमेऱ्याची करामत म्हणून गाजला. सिनेमाने प्रश्न विचारला आणि विचारणारीलाच मारलं. ताईने हा सिनेमा पाहिला तर ती चिडेल, आणि तिचा राग मला पटेल.

पण कात्रीने काय साधतं? ब्रिटनने १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटींवर मोहीम उघडली, खटले भरण्याजोग्या सिनेमांची यादी केली. त्यात ‘तेनेब्रे’ होता, बावाचा तो १९७१ चा सिनेमाही होता. आज दोन्ही तिथे न कापता मिळतात. इटलीने २०२१ मध्ये सिनेमावर बंदी घालण्याचा किंवा काटछाट करायला लावण्याचा सरकारचा अधिकारच काढून टाकला. वयोगटांचं वर्गीकरण तेवढं राहिलं. २०२३ च्या नोव्हेंबरात जुलिया चेक्केत्तिन या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीला तिच्या पूर्वीच्या मित्राने मारलं तेव्हा हा देश हादरला. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दिवसेंदिवस तोच विषय होता: मुलांना घरी काय शिकवतो, शाळेत काय शिकवतो, पोलिसांकडे गेलेल्या मुलीचं कोण ऐकतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या जाल्लोंवर बोट ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही. २०२५ मध्ये संसदेने स्त्रीहत्येला वेगळा गुन्हा ठरवून जन्मठेपेची तरतूद केली. त्याने खून थांबतील असं इथेही कुणी म्हणत नाही, पण चर्चा योग्य दाराशी गेली.

आपल्याकडे हे दार कुणी ठोठावलंच नाही असं नाही. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये रंगमंचावर आणलं. साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना आधीच सांगितलं गेलं. घरातल्या माणसांनी घरातल्या बाईवर केलेली ती हिंसा होती, नाटकात तिच्यासाठी टाळी नव्हती, आणि आक्षेप आला तो रंगावर. आजही कट सुचवताना रक्ताचे सेकंद कमी होतात, नायकाची ऐट मात्र शाबूत राहते. ताईच्या वर्गातली पोरं नक्कल करतात ती त्या ऐटीची.

तिच्याशी एका बाबतीत माझं पूर्ण एकमत आहे. ‘ए’ प्रमाणपत्राच्या खेळाला आईबाप लहान मुलं घेऊन येतात आणि दारावरचा माणूस त्यांना आत सोडतो, हे तिने सांगलीत स्वतः पाहिलंय. तिथे कडक व्हायला हवं, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बाकी, दहावीच्या मुलांशी त्या नायकाबद्दल उघड बोलावं, त्याच्या बायकोच्या बाजूने ती गोष्ट त्यांना सांगायला लावावी, असं मी ताईला सुचवलंय. ती म्हणते, पालक तक्रार करतील. मी म्हणतो, करू देत.