वास येतोय म्हणजे क्लोरीन आहे?

"ताई, क्लोरीन भरपूर आहे. वास येतोय की!"

हे वाक्य आता पुन्हा कानावर पडलं तर मी पूलवाल्याला त्याच्या जाळीसकट पाण्यात ढकलणार आहे. दर मंगळवारी सकाळी अकराला येतो, काठावर उकिडवा बसतो, नाक पाण्याजवळ नेतो आणि निकाल देऊन मोकळा. आमटी लागली का बघतोय की काय! अरे बाबा, तो वास क्लोरीनचा नाहीये. माणसांचा घाम आणि (लिहायला लाज वाटते, पण लिहितेच) मूत यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. म्हणजे पूलला वास मारतोय याचा अर्थ क्लोरीन कमी पडलंय, आणि हा गृहस्थ वास आला म्हणून टाकत नाही!

मुळात हा पूल माझी हौस नव्हे. पुण्याजवळ भूगावला बंगला बांधायला घेतला तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं. लहानपणी टिळक टँकवर पोहायला शिकला, तेव्हापासून म्हणे स्वप्न होतं. वीस फूट बाय दहा फूट, सरासरी चार फूट खोल. धरा 22,600 लिटर. पहिल्या उन्हाळ्यात साहेब रोज पोहले. आता महिन्यातून दोनदा, तेही पाय सोडून बसायला. पाण्याची देखभाल मात्र माझ्याकडे आली, कारण "तुझं बीएस्सी केमिस्ट्री आहे ना". 1994 सालचं बीएस्सी! त्यानंतर मी केमिस्ट्री केली ती फक्त दूध फाटलंय की नाही एवढ्यापुरती.

आता त्याचा तो पाणी तपासायचा, पिवळ्या रंगाचा किट. दोन थेंब टाकायचे, नळी हलवायची, पाणी पिवळं झालं की "ओके आहे ताई". अहो, ते औषध एकूण क्लोरीन दाखवतं. कामाचं किती आणि क्लोरामाइनमध्ये अडकून वाया गेलेलं किती, ते त्याला कळत नाही. दोन वर्षं आम्ही त्या पिवळ्या रंगावर विश्वास टाकून बसलो. मग मीच गुलाबी रंगाचा, डीपीडीचा किट मागवला. तो मोकळं, म्हणजे कामाचं, क्लोरीन वेगळं सांगतो. ते 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) हवं, पीएच (पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे, ते सांगणारा आकडा) 7.2 ते 7.8 हवा. पहिल्याच दिवशी पीएच किती? 8.2! आमच्याकडे बोअर आणि टँकर, दोन्हीकडचं पाणी जड. गीझरची कॉइल वर्षात पांढरी होते, तिथे पूलने काय पाप केलंय? आणि पीएच 8 च्या वर गेला की क्लोरीनचा जेमतेम पाचवा हिस्सा जंतू मारायला उरतो, बाकीचं नुसतं मोजमापात दिसतं. हे पूलवाल्याला सांगितलं तर म्हणे, "ॲसिड टाकू का मग?" आणि त्याच बादलीकडे हात, जिच्यात नुकतंच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कॅनमधलं पातळ क्लोरीन) ओतलं होतं! मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. हायपोत ॲसिड ओतलं की क्लोरीन वायू सुटतो, तो कुणाचा जीव घेऊ शकतो, आणि हा माणूस आठवड्याला वीस पूल करतो म्हणे.

बरं, हायपो टाकायची वेळ कुठली, तर भर अकरा वाजता! एप्रिलच्या उन्हात. स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं औषध) नसलेलं क्लोरीन कडक उन्हात तासाभरात अर्ध्याहून जास्त उडून जातं, म्हणून ते दिवस मावळल्यावर टाकायचं असतं. त्याचा कॅनही दुपारभर टेंपोत तापत पडलेला. लेबलवर बारा टक्के असलं तरी आत किती उरलंय देव जाणे.

म्हणून आम्ही गोळ्यांवर गेलो. तरंगत्या डब्यात ठेवायच्या त्या पांढऱ्या गोळ्या, 200 ग्रॅमच्या. "ताई, दोन टाका आणि आठवडाभर विसरा." विसरले! हीच माझी चूक. गोळीतून नुसतं क्लोरीन येत नाही, सायन्युरिक ॲसिडही येतं. तोच तो स्टॅबिलायझर. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, 30 ते 50 पीपीएमपर्यंत हवंच असतं. पण ते उडत नाही, गाळणीत अडकत नाही, साचतच जातं. आमच्या पूलमध्ये एक गोळी म्हणजे जवळपास 8 पीपीएम क्लोरीन आणि 5 पीपीएम सायन्युरिक. आठवड्याला दोन गोळ्या, म्हणजे दहा आठवड्यांत शंभर. हा हिशोब पाचवीतलं पोर करेल. गोळ्या विकणाऱ्या एकालाही तो ग्राहकाला सांगावासा वाटला नाही.

मे महिन्यात पायऱ्यांच्या कोपऱ्यात हिरवं दिसायला लागलं. हात लावला तर बुळबुळीत. किट म्हणतो क्लोरीन 2, पीएचही तोवर मी खाली आणलेला, सगळं छान. मग शेवाळं कशाने? रात्री साडेआठला नवऱ्याने टॉर्च धरला आणि मी तीन लिटर हायपो ओतलं. पंप चालू ठेवून अर्ध्या तासाने तपासलं, तर नळीतलं पाणी स्वच्छ पांढरं. गुलाबी नाहीच. म्हणजे क्लोरीन शून्य? तीन लिटर कुठे गेलं? आणखी दोन ओतलं. पुन्हा पांढरं. माझ्या हातापायातलं त्राण गेलं. तिसऱ्या वेळी नवरा म्हणाला, "अगं, थेंब पडताना क्षणभर गुलाबी झालं होतं." आणि डोक्यात ट्यूब पेटली. क्लोरीन फारच जास्त झालं की ते त्या गुलाबी रंगालाच खाऊन टाकतं! शून्य नव्हतं, धो धो होतं. बाटलीतलं पाणी तिप्पट घालून तपासलं तेव्हा कुठे रंग टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा न विचारता उतरला. त्याची निळी चड्डी आता आकाशी आहे आणि नणंद माझ्याशी मोजकंच बोलते.

मग सायन्युरिकचा किट आणला. नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. औषध मिसळलेलं गढूळ पाणी वरून हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून रेघ वाचायची. सर्वांत खालची रेघ 100 ची. माझा ठिपका तिथपर्यंत पाणी चढायच्या आतच गायब! म्हणजे शंभराच्याही वर. इतकं सायन्युरिक असेल तर ते क्लोरीनला धरून ठेवतं, म्हणून मोकळं क्लोरीन 7-8 पीपीएम लागतं, 2 ने शेवाळाला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. हे मी पूलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग गोळ्या वाढवा ना ताई."

मी आत जाऊन पाणी प्यायले.

उपाय एकच, पाणी काढायचं. अर्धं काढून नवीन भरलं की आकडा अर्धा होतो. आत्ता एकशेवीस धरा, एकदा केलं की साठ, पुन्हा केलं की तीस. अर्धा पूल म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर आणि वर थोडं बोअरचं. मेमध्ये! पुण्यात बायका बादल्या घेऊन टँकरची वाट बघताहेत, आणि मी फाटकातून 11,000 लिटर पाणी सोडून देऊ? लाज वाटते हो. शेवटी क्लोरीन उडेपर्यंत पूल पाच दिवस उघडा ठेवला, मग रोज थोडं थोडं आंब्याला, नारळाला, शेजारच्यांच्या बांबूला घातलं. शेजारीण म्हणाली, "बांबू मेला तर?" मेला तर मीही मरते, म्हटलं, चालेल?

आणि पाहुणे! रविवार आला की पेठेतून दोन गाड्या भरून येतात. डोक्याला चपचपीत खोबरेल, अंगाला सनस्क्रीन, आंघोळ नाही, थेट धप्प. नवऱ्याच्या काकांना पोहण्याआधी आंघोळ करा म्हटलं तर म्हणाले, "आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या. तिथे कोण टाकत होतं क्लोरीन?" काका, ती विहीर होती, खालून झरे होते. हे माझ्या अंगणातलं साचलेलं पाणी आहे, आणि त्यात तुम्ही नऊ जण आहात. शेवटी मी पाटी लिहून लावली. "पूलमध्ये उतरण्यापूर्वी आंघोळ करावी. नंतर केलेली आंघोळ तुमच्या उपयोगाची, आमच्या नाही." दुसरी ओळ होती, "तेल लावून उतरू नये, ही भजी तळायची कढई नव्हे." ती नवऱ्याने खोडायला लावली. सासूबाई मात्र म्हणाल्या, राहू दे होती.

परवा पहिला टँकर रिकामा झाला. ठिपका आता साठच्या रेघेवर गायब होतो. दुसरा टँकर उद्या सकाळी सात वाजता आहे, फाटक उघडायला मलाच उठायचंय. आणि आत्ताच, हे लिहिता लिहिता, पूलवाल्याचा मेसेज आला.

"ताई गोळ्या संपल्या असतील, मंगळवारी पाच किलोचा डबा आणू का?"